कलम रुजेपर्यंत

गुडघ्याच्या मध्यभागी तिरका असलेला पुढचा अस्थिबंध, ज्याला रुग्णही आता सरळ ‘एसीएल’ म्हणतात, एकदा पूर्ण तुटला की सहसा आपणहून सांधला जात नाही. कारण इतर जखमांत तुटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गुठळी धरते आणि तिच्या आधाराने नवी ऊती वाढते, परंतु सांध्यातील द्रवात ती गुठळी टिकतच नाही. म्हणून बहुधा रुग्णाच्याच मांडीमागची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा, कलम म्हणून वापरली जाते. ती टेबलावर ताणून, चिकटलेले मांस खरवडून आणि टोके धाग्याने गुंफून दुमडली जाते आणि साधारण 8 ते 9 मिलिमीटर जाडीचे ते कलम हाडांत पाडलेल्या बोगद्यांतून ओढून पक्के केले जाते.

खरा कठीण काळ त्यानंतरचा असतो. रक्तपुरवठा तुटल्याने कलमातील बहुतेक पेशी मरतात, सांध्याच्या अस्तरातून नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी जुने तंतू मोडून नवे विणतात, आणि या उलथापालथीत, साधारण दीड ते तीन महिन्यांच्या सुमारास, कलम सर्वांत दुबळे असते. दुर्दैवाने नेमक्या याच वेळी सूज ओसरलेली असते, चाल सुधारलेली असते आणि गुडघा बरा झाला असे रुग्णाला मनापासून वाटते.

हा काळ आखूड करण्याची आशा वृद्धिघटकांवर आहे. पेशींना वाढण्याचा, सरकण्याचा, तंतू विणण्याचा संदेश देणारी ही प्रथिने. त्यांच्या शोधासाठी स्टॅनली कोहेन व रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना 1986 चे नोबेल पारितोषिक मिळाले. हाड घडवणाऱ्या अशाच एका प्रथिनाने कुत्र्यांवरील प्रयोगांत कंडरा बोगद्याच्या भिंतीला लवकर जोडली गेली. मेंढ्यांवरील एका प्रयोगात मात्र रक्तवाहिन्या वाढवणारा घटक दिल्यावर वाहिन्या वाढल्या, पण कलम सैल पडले. हा निकाल फार मोलाचा आहे, कारण भरून येणे ही क्रमाने घडणारी गोष्ट असून एकाच टप्प्याला जोर दिल्याने सगळी घडण सुधारत नाही, हे त्यातून दिसते. रुग्णाच्याच रक्तातील बिंबाणू एकवटून दिले जाणारे ‘पीआरपी’ अनेक घटक एकदम सोडते. काही अभ्यासांत कलम लवकर परिपक्व दिसले, पण गुडघ्याच्या स्थैर्यात सातत्याने फरक पडल्याचे सिद्ध झालेले नाही.

निर्मल, भैंसा, मुधोळ या मराठी-तेलुगू पट्ट्यातील कबड्डीपटूला किंवा शेतमजुराला शस्त्रक्रियेसाठी नांदेड, निजामाबाद वा हैदराबाद गाठावे लागते, तेव्हा प्रवास आणि बुडालेली मजुरी सोसून वर पीआरपीचा खर्च त्याच्यावर लादणे आजच्या पुराव्यावर समर्थनीय नाही. त्यापेक्षा नियमित व्यायामावर झालेला खर्च सार्थकी लागतो. खेळात परतण्याची घाई न करणेही तितकेच महत्त्वाचे: 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात परतणे नवव्या महिन्यापर्यंत लांबवताना दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीचा दर सुमारे 51 टक्क्यांनी घटला. क्रिकेटपटू ऋषभ पंतच्या गुडघ्यावर जानेवारी 2023 मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि तो मार्च 2024 मध्ये मैदानात उतरला. त्याची दुखापत अधिक गंभीर होती हे खरे, पण उत्तम सोयी हाताशी असतानाही त्याला वर्षाहून अधिक काळ द्यावा लागला. तेव्हा तिसऱ्या महिन्यात दुखत नाही म्हणून कबड्डीच्या मैदानात उतरू नये, आणि कापूस वेचणीला किंवा उकिडवे बसून करायच्या कामाला लागण्यापूर्वी डॉक्टरांकडून गुडघा तपासून घ्यावा.