चौथा डबा

अण्णांच्या गाडीचे हेड तीन वर्षे कोल्हापुरातील आमच्या घराच्या पडवीत, एका जुन्या सतरंजीखाली पडून होते. अण्णा म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. यंत्राविषयी अधिकाराने बोलावे असे आमच्यापाशी काही नाही. तरीही हे लिहीत आहोत, कारण या हेडने आम्हांला आमच्याच विषयातला एक धडा नव्याने शिकवला, आणि तो शिकताना आमच्या हातून एकावर अन्याय झाला.

गाडी २००४ सालची, टर्बो डिझेल. २०२१च्या फेब्रुवारीत आंबा घाट चढताना रेडिएटरमधले पाणी उकळले आणि हेड गॅस्केट गेले. मेकॅनिकने अंगणातच इंजिन उघडले. हेड शिवाजी उद्यमनगरात जाऊन घासून, तपासून परत आले, आणि त्याच एप्रिलमध्ये अण्णा गेले. मेकॅनिकनेही पुढे काम थांबवले. गाडी तशीच राहिली. ती विकवेना आणि दुरुस्तही करवेना.

२०२४मध्ये अखेर दुसरे मिस्त्री आले. त्यांनी वर्तमानपत्र अंथरून त्यावर एकेक वस्तू मांडली. हेड म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण. पण या झाकणातच इंजिनाचा श्वासोच्छ्वास चालतो. हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह त्यात असतात. त्यांना स्प्रिंगसह धरून ठेवणारी, नखाएवढ्या दोन अर्ध्या तुकड्यांची लॉके असतात. वर टॅपेट, टॅपेटवर पातळ चकतीसारखी शिम, आणि या सर्वांना क्रमाने दाबत फिरणारा कॅमशाफ्ट. कॅमशाफ्टला जागेवर धरतात त्या कॅपा. आमच्या इंजिनाला व्हॉल्व्ह आठ. म्हणजे लॉकांचे तुकडे सोळा, टॅपेट आठ, शिमा आठ, कॅपा पाच. वर्तमानपत्रावर तुकडे बारा होते, टॅपेट सहा, शिमा सहा आणि कॅपा चार.

आम्ही म्हणालो, “जे कमी आहे ते आणून घाला.” मिस्त्री उठले नाहीत. म्हणाले, “आणू की. पण आधी हे सांगा, गेलंय कुठं?”

प्रश्न आम्हांला अनाठायी वाटला. हरवले ते हरवले! मग त्यांनी समजावले. टर्बोमध्ये इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक चाक फिरवतो आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक हवा दाबून इंजिनात भरते. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले, हे आम्ही नंतर वाचले. हा दांडा भरात असताना मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. हरवलेला लॉकचा एखादा तुकडा जर धुराच्या वाटेत पडून राहिला असेल, तर इंजिन सुरू होताच तो त्या चाकावर जाऊन आदळेल. सिलिंडरात पडला असेल तर पिस्टन आणि हेड यांच्यामध्ये चिरडला जाईल. सबब, नवा भाग घालण्याआधी जुन्याचा हिशेब लागला पाहिजे.

हिशेब आमच्या मनात तयारच होता. पहिल्या मेकॅनिकच्या हाताखाली एक मुलगा होता. सुटे भाग त्यानेच काढून ठेवले होते. आम्ही त्याला फोन केला. शब्द सभ्य होते, पण स्वरात आरोप होता, आणि तो त्याला कळला. थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग एवढेच म्हणाला, “मॅडम, अण्णांनी मोजून घेतलंय सगळं. वहीत लिहिलंय त्यांनी. वही बघा.”

अण्णांची वही आमच्याच कपाटात होती. दूध, वीजबिल, औषधे यांच्या हिशेबांमध्ये, तारखेसह, त्यांच्या टपोऱ्या अक्षरात नोंद होती. सिलिंडरवार चार डबे, आणि प्रत्येकातली वस्तू मोजून लिहिलेली. शेवटची ओळ अशी: डबा ४ – टॅपेट २, शिम २, लॉक ४ तुकडे, कॅप क्र. ५.

पडवीत डबे तीनच होते. जे कमी होते ते नेमके चौथ्या डब्याइतके होते. एक तुकडा जास्त नाही की कमी नाही. म्हणजे इंजिनात काहीही पडलेले नव्हते. आणि मग आम्हांला आदल्या वर्षीची दिवाळीची आवराआवर आठवली. गंजक्या खिळ्यांचे म्हणून दोन-तीन पत्र्याचे डबे भंगारवाल्याला किलोवर दिले होते. ते कोणी उचलून दिले, हे आम्ही एकमेकांना विचारले नाही.

वर्गात आम्ही पाठचिकित्सा शिकवतो. पोथीतले पान नाहीसे झाले, ओळ गळाली, की पहिला संशय नकलकारावर घ्यायचा, अशी आमची सवय. पोथी ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होती, त्यांच्या हातून पान गेले असेल, हे आमच्या सहसा ध्यानात येत नाही. नकलकार गरीब, अनाम आणि गैरहजर असतो. त्याच्यावर ठपका ठेवणे सोपे असते.

पुढचे काम तीन प्रकारचे निघाले. टॅपेट आणि लॉके पुण्याच्या नाना पेठेत नवी मिळाली. शिमा मिळाल्या, पण अमुक जाडीची हवी हे आधी मोजावे लागले. ठाऊक असलेल्या जाडीची शिम तात्पुरती बसवायची, कॅम आणि शिम यांमधली फट फिलर गेजने पाहायची, आणि फरक काढून योग्य चकती निवडायची. धुराचा व्हॉल्व्ह अधिक तापतो, अधिक लांबतो. म्हणून त्याच्याकडची फट थोडी जास्त. कॅपचे मात्र तसे नव्हते. दुकानदार म्हणाला, “कॅप सुटी मिळत नाही, साहेब. कुणी दिली तर घेऊही नका.”

तरी आम्ही त्याच जातीच्या, भंगारातल्या एका हेडची पाचवी कॅप मिळवली. दिसायला हुबेहूब. मिस्त्रींनी टॅपेट न घालता नुसता कॅमशाफ्ट तेल लावून ठेवला. चार कॅपा आवळल्या, तेव्हा तो बोटाने फिरत होता. पाचवी आवळत आणली आणि तो अडला. हेड आणि त्याच्या कॅपा कारखान्यात एकत्र आवळून, एकाच दमात त्यांची भोके कोरतात. म्हणून प्रत्येक कॅप आपल्याच हेडची असते. फरक मिलिमीटरच्या काही शतांशांचा असेल, पण तेलाचा थर राहतो तोही तेवढ्याच जागेत.

उपाय उद्यमनगरात झाला. सगळ्या कॅपांच्या बैठका किंचित घासून, पाचही आवळून, सर्व भोके पुन्हा एका रेषेत मूळ मापाला कोरली. या कामाला लाइन बोअरिंग म्हणतात. परक्या कॅपला आपलेसे करायचे, तर घरच्या चारांनाही थोडे झिजावे लागले.

पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ साली सुरू होऊन १९६६ साली पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती आम्ही विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवतो. जिथे पाठाची पुरेशी खात्री नाही, तिथे संपादकांनी शब्दाखाली नागमोडी रेघ दिली आहे. वाचणाऱ्याला कळावे की इथे जमीन जरा मऊ आहे. आम्ही अण्णांच्या वहीत त्या नोंदीखाली लिहिले: “डबा ४ आमच्या हातून गेला. कॅप ५ दुसऱ्या हेडची. पाचही भोके नव्याने कोरली.” उद्या हे इंजिन कोणी उघडले, तर त्याने निष्कारण कोणाला दोष देऊ नये.

टर्बोपर्यंत तेल पोहोचावे म्हणून मिस्त्रींनी आधी डिझेल बंद ठेवून इंजिन नुसते फिरवले; मग सुरू केले. त्या संध्याकाळी आम्ही त्याच गाडीने मुलाच्या नव्या गॅरेजवर गेलो. वही सोबत नेली होती. चूक आमची होती, हे त्याच्या मालकासमोर सांगितले. तो संकोचला, हात पुसत राहिला. वही त्याने उघडलीही नाही. बॉनेटकडे कान देऊन थोडा वेळ ऐकले आणि विचारले, “कॅपा नंबर बघून लावल्यात ना?”