पिट्सबर्ग : भट्टी आणि ग्रंथालय

मुलाबाळांच्या भेटीस अमेरिकेंत जाणाऱ्या आमच्या वाचकांची पहिली धांव न्यूयॉर्क, वॉशिंग्टन व नायगारा यांकडे असते, आणि तें साहजिकच आहे. तरी दोन दिवसांची सवड काढून पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिम भागांतील पिट्सबर्ग शहर अवश्य पाहावें, असें आम्ही सुचवूं इच्छितों.

ॲलेघेनी व मोनोंगाहेला या नद्या येथें मिळून पुढें ओहायो या नांवानें वाहतात. संगम म्हटला कीं आपल्या मनांत देऊळ व घाट उभा राहतो. येथें मात्र प्रथम फ्रेंचांनीं व मागाहून इंग्रजांनीं किल्ले उभारले. समोरच्या टेकडीवर तारेच्या दोरानें ओढले जाणारे डबे रुळांवरून चढतात. त्यांतील एक मार्ग १८७७ पासूनचा आहे. सायंकाळीं वर जावें म्हणजे तिन्ही नद्या व त्यांवरील पूल एकाच दृष्टिक्षेपांत सामावतात.

भोंवतालच्या डोंगरांतील कोळसा व नद्यांवरील वाहतूक यांमुळें येथें पोलादाचे कारखाने वाढले. आपल्या जमशेदपूरच्या उभारणींतहि पिट्सबर्गचे अभियंते ज्युलियन केनेडी यांचा हात होता. अँड्र्यू कार्नेगी यांची अपार संपत्ति याच भट्ट्यांतून निघाली. तींतून ओकलंड भागांत १८९५ सालीं उघडलेल्या भव्य ग्रंथालयाच्या दारावर ‘लोकांस विनामूल्य’ अशा अर्थाचीं अक्षरें कोरलेलीं आहेत. तीं वाचून आम्हांस धन्यता वाटली.

परंतु नदीकांठच्या होमस्टेड गांवीं गेल्यावर ती धन्यता तशीच राहिली नाहीं. १८९२ सालीं तेथील कार्नेगींच्या कारखान्यांत मजुरीवरून तंटा लागला. ६ जुलै रोजीं नावांतून आणलेले खाजगी पहारेकरी व कामगार यांच्यांत गोळीबार होऊन दोन्ही बाजूंचीं माणसें मेलीं आणि पुढें कामगारांची संघटना मोडली. १८९८ मध्यें कार्नेगींनीं त्याच परिसरास एक सुंदर ग्रंथालय दिलें. पण बारा तास भट्टीपुढें राबलेला मनुष्य पुस्तक उघडणार केव्हां?

१९४० च्या दशकांत धुरामुळें येथें भर दुपारीं रस्त्यांवर दिवे लावावे लागत. आज आकाश पुष्कळच निवळलें आहे. पण होमस्टेडचा कारखाना १९८६ मध्यें बंद पडला, आणि १९५० सालीं पावणेसात लाखांवर असलेली शहराची वस्ती २०२० मध्यें सुमारें तीन लाखांवर आली. आतां विद्यापीठें व रुग्णालयें शहर पोसतात. साल्क यांची पोलिओची लसहि येथेंच सिद्ध झाली. विद्यापीठाच्या ४२ मजली मनोऱ्यांत नालंदेच्या धर्तीवर सजविलेला भारतीय वर्ग आहे, आणि पेन हिल्स उपनगरांत श्रीवेंकटेश्वराचें देऊळ आहे.

रँकिन येथील कॅरी नांवाच्या जुन्या भट्ट्या मार्गदर्शकासह पाहतां येतात. त्या आधीं पाहाव्या व ग्रंथालय मागाहून, म्हणजे दात्याचें कौतुक करतांना राबणाऱ्यांचें विस्मरण होणार नाहीं.