टॅपेट वाजतंय, वाजू दे!



कुकरची शिट्टी अडली, मिक्सरचं भांडं नीट बसलं नाही, शिलाई मशीन तेल मागतंय, हे आपल्याला दुसऱ्या खोलीतूनही कळतं. म्हणून आजचा विषय बुलेटचा असला तरी पान उलटू नका. कान आपलेच लागतात.

आमच्याकडे मामंजींची जुनी साडेतीनशेची बुलेट आहे, ओतीव लोखंडी सिलिंडरची. लेक मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. या सुट्टीत तिनं आजोबांची परवानगी काढून तिच्यात जास्त ताकदीचे कॅम बसवले. कॅम म्हणजे एका बाजूला उंचवटा असलेला फिरणारा तुकडा. तो पुशरॉड वर ढकलतो, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर व्हॉल्व्हला. या बुलेटमध्ये कॅम दोन: एक पेट्रोल-हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा, दुसरा धूर बाहेर सोडणाऱ्याचा. नव्या कॅमचा उंचवटा मोठा, म्हणून व्हॉल्व्ह जास्त उघडतो.

गाडी सुरू झाली आणि कडक टकटक ऐकू आली. मामंजी काही बोलले नाहीत, पण चेहरा उतरला. चाळीस वर्षं जपलेली गाडी ती. हे म्हणाले, "जुने कॅम परत बसव." गल्लीतला ओळखीचा मेकॅनिक म्हणाला, "टॅपेट टाइट करून देतो ताई, आवाज बंद." पाहुण्यांत कुजबुज झाली की पोरीच्या हाती इंजिन द्यायलाच नको होतं.

लेक मात्र शांत. "आई, आधी आवाज कुठला आहे ते बघू."

तिनं लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डॉक्टरांच्या नळीसारखंच. मलाही ऐकवलं. खाली क्रँकच्या बाजूला नुसती घरघर, वर रॉकरच्या झाकणापाशी टकटक स्पष्ट. शिवाय ठोका संथ होता. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एकच फेरी होते, म्हणून व्हॉल्व्हकडचा आवाज इंजिनाच्या निम्म्या गतीनं येतो.

मग सायलेन्सरचा पाइप हेडला जोडतो तो सांधा. तिथून धूर फुटला तरी हुबेहूब टॅपेटसारखी टिकटिक होते. इंजिन थंड असताना सुरू करून तिनं सांध्यावर साबणाचं पाणी सोडलं. बुडबुडा नाही, काजळीही नाही.

सगळ्यात मोठी भीती होती व्हॉल्व्ह पिस्टनला लागण्याची. तसं झालं तर व्हॉल्व्ह वाकतो आणि इंजिन उघडावंच लागतं. पण कॅम बसवतानाच तिनं पिस्टनवर मुलांच्या खेळातली माती ठेवून, इंजिन हातानं फिरवून, दाबल्या गेलेल्या मातीची जाडी मोजली होती. अंतर पुरेसं होतं.

राहिला टॅपेट. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, पिस्टन सर्वांत वर आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, तिनं बाजूचं झाकण काढलं. एक पुशरॉड ठीक होता. धुराकडचा हातात खुळखुळला. त्याचा लॉकनट सैल होऊन सेटिंग सरकलं होतं. नव्या कॅमसोबत आलेल्या कागदावर दिलं होतं तेवढं अंतर तिनं ठेवलं, नट आवळला आणि इंजिन हातानं फिरवून पुन्हा तपासलं. नट आवळताना सेटिंग हलतं, म्हणून दुसऱ्यांदा बघायचंच.

कडक टकटक गेली. बारीक टिकटिक मात्र राहिली.

"एवढीही कशाला? अजून थोडं आवळ," हे म्हणाले.

"नको बाबा. जास्त आवळलं तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. मिटल्यावरच त्याची उष्णता हेडमध्ये उतरते. उघडाच राहिला तर धुराकडचा व्हॉल्व्ह जळतो, दाब जातो आणि मग किक मारून पाय दुखतात. असे कॅम व्हॉल्व्ह झपकन उघडतात-मिटतात, थोडे वाजणारच."

मामंजी इतका वेळ दारात उभे होते. म्हणाले, "वाजू दे."

मला तिचं कौतुक वाटलं ते याचं. आवाज दाबून टाकणं पाच मिनिटांचं काम होतं आणि सगळे खूशही झाले असते. तिनं वाजायला हवं तेवढं वाजू दिलं आणि सगळ्यांसमोर त्याचं कारण सांगितलं.

तुमच्या घरी कुणी गाडीवर असं काम करत असेल, तर तीन गोष्टी जरूर विचारा. आवाज नेमका कुठून येतो? इंजिन थंड असताना मोजलं का? आणि शेवटी नट आवळल्यावर पुन्हा पाहिलं का?

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी आता तिच्या अक्षरात लिहिलंय: "टॅपेट पुन्हा तपासणे."