तीस दिवस की एक महिना?

मागच्या शनिवारी चिखलीला घरी गेलो, तर चहाच्या आधीच बाबांनी कॅलेंडर पुढे केलं. "मोजून सांग बरं, तीस झाले का?"

झालं असं, की अतिवृष्टीत सोयाबीन गेलं, पंचनामाही झाला, पण मदतीच्या यादीत आमचं नाव नाही. म्हणून बाबांनी आमच्याच शेताच्या पंचनाम्याची नक्कल माहिती अधिकारात मागितली. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, हातात पोचपावती. उत्तर? शून्य. मी मोजले, बत्तीस दिवस झाले होते.

गंमत म्हणजे पुण्यात माझं कामच हे आहे. युरोपातल्या क्लायंटचा एखादा ग्राहक 'माझी काय काय माहिती तुमच्याकडे आहे, ती द्या' म्हणाला, की आमच्या सिस्टिममध्ये घड्याळ सुरू होतं. मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआरनुसार कंपनीला उत्तरासाठी एक महिना मिळतो. तीस दिवस नव्हे, महिना! ३१ जानेवारीला अर्ज आला, तर मुदत फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी संपते. तो रविवार निघाला, तर पुढच्या कामाच्या दिवशी. (हा बग मी स्वतः केलाय, म्हणून पाठ आहे :)) काम किचकट असेल तर आणखी दोन महिने मिळतात, पण उशीर का होतोय ते पहिल्या महिन्यातच कळवावं लागतं. म्हणजे नुसतं गप्प बसायची सोय नाही.

तशी ती आपल्या २००५च्या कायद्यातही नाही. ३० दिवसांत उत्तर नाही आलं, तर माहिती नाकारली असंच धरतात आणि पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. उशिरा दिलेली माहिती फुकट द्यावी लागते. माहिती आयोग दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० दंड करू शकतो.

अर्थात हे सरकारी कार्यालयांपुरतं. खासगी कंपन्यांकडच्या आपल्या माहितीसाठी २०२३चा वेगळा कायदा आहे. त्याच्या नोव्हेंबर २०२५च्या नियमांत तक्रारीच्या उत्तराला कमाल ९० दिवस दिलेत, आणि ती तरतूद लागू व्हायला १८ महिने!

"म्हणजे ते नाही म्हटले नाहीत, तरी नाहीच झालं?" बाबांनी विचारलं.

"हो."

"मंग लिही अपील."

लिहिलं. लिहिताना एक गोष्ट टोचली. कुठल्याशा जर्मन माणसाच्या अर्जाला पंचवीस दिवस झाले, की माझ्या स्क्रीनवर लाल दिवा लागतो. बाबांच्या अर्जाचं काय झालं, हे मात्र बत्तीस दिवसांत मी एकदाही विचारलं नव्हतं.

असो. पहिल्या अपिलाची तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवलीय.