रिकामी आहे... पण बघितलीस का?

सुट्टीहून परत आलो की रूमवर मला दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "काय रे, काजू आणलेस का?" आणि दुसरा, "तुमच्या सिंधुदुर्गात खरंच घराघरात बंदूक असते का?" पहिल्याचं उत्तर पिशवी उघडली की मिळतं (आणि दहा मिनिटांत संपतंही!). दुसऱ्याचं उत्तर मात्र नीट द्यायचं राहून जातं. म्हणून मॅगझिनसाठी लेख मागितला तेव्हा म्हटलं, यंदा तेच लिहू.

तर मित्रांनो, घराघरात नाही, पण गावागावात असते. परवान्याची, शेती संरक्षणाची. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पीक राखण्यासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. पूर्वी लोक हौसेने शिकारीला जात. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, पुढे १९९१ ची दुरुस्ती झाली आणि हौसेची शिकार कायद्याने संपली. बंदूक उरली ती डुकरांपासून भात आणि नाचणी वाचवायला. तीसुद्धा मुख्यतः आवाजापुरती, कारण बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे. त्यासाठी वनखात्याची परवानगी वेगळी लागते. माझ्या आजोबांचे बहुतेक बार आकाशातच गेले. डुकरं पळायची, शेजारी जागे व्हायचे, आणि सकाळी चहाला विषय मिळायचा!

आता थोडं मेकॅनिझम. (मेकॅनिकलवाल्यांना राहवत नाही, माफ करा.) ठासणीच्या बंदुकीत काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, त्यावर चिंधी किंवा काथ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा. प्रत्येक थर लोखंडी गजाने ठासायचा, म्हणून नाव ठासणीची. मागच्या बाजूला एक बारीक भोकाची नळकांडी असते, तिच्यावर पितळी केप बसवायची. चाप ओढला की घोडा केपेवर आपटतो, ठिणगी भोकातून आत जाते आणि बार उडतो.

यात एक गंमत आहे, जी गंमत मुळीच नाही. ही बंदूक भरायला दोन-तीन मिनिटं लागतात, पण रिकामी करायला धड वाटच नाही. एक तर बार उडवून टाका, नाहीतर गजाच्या टोकाला स्क्रू लावून बोळे एकेक करून उपसा. डुक्कर आलंच नाही अशा रात्री माणूस पहाटे दमून घरी येतो. दारू महाग, बार उडवला तर गाव उठतं, आणि रात्री परत जायचंच असतं. मग तो काय करतो? केप काढून खिशात टाकतो, बंदूक खुंटीला अडकवतो आणि झोपतो. घरचे समजतात, केप नाही म्हणजे बंदूक रिकामी. केप नाही म्हणजे फक्त केप नाही! दारू, छर्रे, सगळं जागच्या जागी असतं.

माझे आजोबा या बाबतीत भयंकर कडक. त्यांनी गजावर कानशीने एक खूण केली होती. नळी रिकामी असताना गज आत टाकला की ती खूण बरोबर नळीच्या तोंडाशी यायची आणि आतून 'खण्ण' असा आवाज यायचा. भरलेली असली तर खूण चार बोटं वर राहायची आणि आवाज 'थप्प'. मोजायला पट्टी नको, व्हर्निअर नको. लहानपणी मी एकदा विचारलं, "आबा, रिकामी असा मां?" तर म्हणाले, "मी सांगलंय म्हणान रिकामी नाय होणा. गज घालून बघूक होया."

दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात आबा आजारी पडले. भात पोसवलेलं, डुकरांचा त्रास सुरू झालेला, ते रोज रात्री माळ्यावर राखणीला जात होते. एका पहाटे ताप घेऊनच घरी आले. तिथून दवाखाना, आणि दवाखान्यातून ते परत आले नाहीत.

परवानाधारक गेला की बंदूक घरात ठेवता येत नाही, रीतसर जमा करावी लागते. दिवाळीच्या आधी सगळे घरी होते, तेव्हा तो विषय निघाला. जवळजवळ दोन महिने बंदूक माजघरातल्या खुंटीवर होती. खाली माझ्या काकांची दोन लहान मुलं भातुकली मांडून बसत. पोलिस पाटील आले, त्यांनी विचारलं, "भरलेली नाय ना?" आजी चटकन म्हणाली, "ह्यांनी कधी भरलेली ठेवल्यानीच नाय." आम्ही सगळ्यांनी मान हलवली. आबांइतका काळजी घेणारा माणूस अख्ख्या वाडीत नव्हता, आणि हे शंभर टक्के खरं होतं.

काकांनी बंदूक उतरवली. नळीचं तोंड उघड्या दाराकडे, मागच्या पडवीकडे केलं, मुलांना बाहेर पाठवलं, केप नाही हे पाहिलं आणि गज आत सोडला.

थप्प.

खूण चार बोटं वर. कोणीच काही बोललं नाही. आजी खाली बसली.

आबांनी केप काढली होती. ताप भरलेला असतानाही तेवढं केलं होतं. बाकीचं बहुधा रात्रीवर ठेवलं असणार, आणि ती रात्र आली नाही. केपांचा डबा त्याच भिंतीतल्या कोनाड्यात होता. आमच्याकडे बंदूक रिकामी आहे हे दाखवायला नुसती केप लावून चाप ओढून दाखवायची लोकांना सवय असते, 'टिक' वाजवून. त्या दिवशी कोणी तसं दाखवलं असतं तर?

पाटलांनी परवानाधारक बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराला बोलावलं. त्याने आधी केपेच्या भोकातून आणि तोंडाकडून पाणी सोडून आतली दारू भिजवली, मग स्क्रूच्या गजाने बोळे, छर्रे, काळा चिखल असं सगळं बाहेर काढलं. नळी गरम पाण्याने धुतली, पुसली, आणि पुन्हा गज टाकला. खण्ण! तो आवाज मी विसरणार नाही.

कॉलेजला परत आल्यावर इलेक्ट्रिकलच्या लॅबमध्ये हीच गोष्ट वेगळ्या कपड्यात भेटली. सप्लाय बंद केला तरी कपॅसिटर चार्ज धरून बसतो. स्विच बंद आहे म्हणून कोणी हात घातला तर तो झटका देतोच. म्हणून डिस्चार्ज करायचं आणि मग मीटर लावून बघायचं. जुने वायरमन तर त्याहून पुढे जातात. टेस्टर आधी चालू लाइनवर लावून बघतात, कारण टेस्टरच बिघडलेला असेल तर 'लाइन बंद आहे' हे उत्तर फुकट. बंदुकीची केप म्हणजे स्विच, आतली दारू म्हणजे कपॅसिटर. स्विचवर विश्वास ठेवायचा नाही, चार्ज मोजायचा.

आणि हा चार्ज किती दिवस टिकतो? न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची एक तोफ आहे, १७८० साली बुडालेल्या एच. एम. एस. हुसार या ब्रिटिश जहाजावरची. अनेक वर्षं ती लोकांसमोर मांडलेली होती. जानेवारी २०१३ मध्ये गंज साफ करताना कर्मचाऱ्यांना आत गोळा, बोळा आणि ८०० ग्रॅमच्या आसपास दारू सापडली! पोलिसांचं बॉम्बपथक बोलवावं लागलं. दोनशे तीस वर्षांहून अधिक काळ प्रत्येकाने असंच धरून चाललं असणार की आधीच्या कोणीतरी बघितलं असेल.

बाकीच्या बंदुकांचं काम सोपं आहे, पण क्रम चुकला तर तेही फसतं. बारा बोरची दुनळी मधून मोडायची, दोन्ही काडतुसं काढायची आणि दोन्ही नळ्यांतून पलीकडचा उजेड बघायचा. सेफ्टी लावली म्हणून थांबायचं नाही. पुष्कळ दुनळ्यांत ती फक्त चाप अडवते, बंदूक आपटली तर तिचा भरवसा नाही. मॅगझिनच्या रायफलीत आधी मॅगझिन काढायचं, मग बोल्ट ओढून चेंबर रिकामं करायचं. उलट केलं, म्हणजे आधी चेंबर रिकामं करून बोल्ट पुढे ढकलला, तर मॅगझिनमधली पुढची गोळी आत जाऊन बसते, आणि नंतर मॅगझिन काढलं तरी ती आतच राहते. शेवटी चेंबरमध्ये डोळ्याने बघायचं, अंधार असेल तर बोट घालून चाचपायचं. आपल्या एन. सी. सी. च्या मुलांना फायरिंगनंतर 'खाली कर' का म्हणतात आणि उस्ताद प्रत्येकाची रायफल स्वतः का बघतात, ते आता कळलं असेल. आणि हे सगळं होईपर्यंत नळीचं तोंड माणसाकडे नाही, बोट चापावर नाही.

मग बंदूक कुलपात, दारू-काडतुसं दुसऱ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा. खुंटी भिंतीवर शोभते, पण ती कुलूप नव्हे.

मला आबांचा राग आला नाही. उलट कळलं की त्यांनी गजावर खूण का केली होती. माणूस दमतो, आजारी पडतो, 'नंतर करू' म्हणतो. त्यांना हे स्वतःबद्दलही ठाऊक असणार. म्हणूनच त्यांनी भरवसा स्वतःवर न ठेवता कानशीच्या एका रेघेवर ठेवला. ती रेघ आम्हाला मिळाली, हेच त्यांचं इस्टेटीतलं मोठं देणं.

बंदूक जमा करायला मी काकांबरोबर ठाण्यात गेलो. काकांनी कागद पुढे केले आणि सांगितलं, "साहेब, रिकामी केलीय. कारागिराने बघितलीय, पाटलांनी बघितलीय, मीपण बघितलीय." टेबलामागच्या हवालदारांनी शांतपणे मान डोलावली, बंदूक घेतली, नळी भिंतीकडे केली आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. गज द्या जरा."

काकांनी हसत हसत गज दिला. कोणालाही अपमान वाटला नाही.