मागच्या अंगणातील हिरवी झाकणे

२०२३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात आम्ही उभयतांनी टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहराबाहेर एक एकर जमिनीवरचे घर विकत घेतले. वसई सोडून दोन तपे लोटली होती. आयुष्य भाड्याच्या घरांत गेले होते. त्यामुळे घेताना जे पाहावयाचे ते सारे आम्ही डोळ्यांत तेल घालून पाहिले. छप्पर पाहिले, वाळवी पाहिली, आईंच्या गुडघ्यांना सोसतील अशा पायऱ्या पाहिल्या. मागच्या अंगणात गवताच्या पातळीला तीन हिरवी गोल झाकणे होती आणि त्यांच्याजवळच्या पेटीतून अखंड गुणगुण ऐकू येत होती. ही घराची सेप्टिक व्यवस्था असे सांगून जुन्या मालकाने एक जाडजूड वही हाती ठेवली. ती आम्ही कपाटात ठेवून दिली. सेप्टिक टाकी आम्हाला काय नवी? गावी प्रत्येकाच्या घरामागे ती असते आणि भरून वाहू लागेपर्यंत तिची कोणी आठवणही काढत नाही.

नोव्हेंबरात घराला आशीर्वाद देण्यासाठी फादरांना बोलावले. आप्तेष्ट मिळून चाळीसेक मंडळी जमली. आदल्या आठवड्यात ती गुणगुण आपोआप थांबली होती आणि आम्हाला बरेच वाटले होते. "किती शांत जागा मिळाली हो तुम्हाला!" असे पाहुणे म्हणत होते, तेव्हा आम्ही सुखावून हसत होतो. संध्याकाळी भिंतीवरच्या पेटीतला तांबडा दिवा लागला आणि भोंगा वाजू लागला. पाहुण्यांसमोर ही कटकट नको म्हणून आम्ही कळ दाबून भोंगा बंद केला. डुकराच्या मांसाच्या कालवणाची तेलकट भांडी रात्रभर धुतली गेली. दिवा तसाच जळत राहिला, एक दिवस, दोन दिवस, आठवडाभर.

आठव्या दिवशी शेजारच्या वृद्ध बाई कुंपणापाशी आल्या. त्यांच्या स्वरात राग नव्हता. आमच्या बाजूचे तुषार रात्री उडतात, त्यांचा दर्प येतो आहे आणि नातवंडे त्या कडेलाच खेळतात, एवढेच त्यांनी सांगितले. आम्ही वाकून गवताचा वास घेतला आणि मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी देखभालीचा माणूस आला. त्याने एकेक झाकण उघडून जे समजावले ते त्या वहीत पहिल्याच पानावर लिहिलेले होते, हे मागाहून कळले. ह्या भागातील चिकणमाती पाणी शोषून घेत नाही. म्हणून आपल्याकडच्या शोषखड्ड्यासारखा उपाय येथे चालत नाही. त्याऐवजी पहिल्या कप्प्यात जड मैला तळाशी बसतो. दुसऱ्यात पंपाने सतत हवा सोडली जाते. त्या हवेवर प्राणवायूचे जीवाणू वाढतात आणि मैला खाऊन पाणी निवळू लागते. पुढे राहिलेला गाळ खाली बसतो, वरचे पाणी क्लोरीनच्या वड्यांवरून जाते, शेवटच्या टाकीत साठते आणि लोक झोपलेले असताना तुषारांनी गवतावर शिंपडले जाते. आमची लाडकी शांतता म्हणजे हवेचा पंप बंद पडल्याची खूण होती. हवेवाचून जीवाणू मेले, शिंपडणे मात्र चालूच राहिले. वड्यांची नळीही जुन्या मालकाच्या काळापासून रिकामी होती.

पंप कशाने बंद पडला? पेटी उघडताच शेकडो तांबड्या मुंग्या बाहेर पडल्या. ह्या प्रदेशातील विषारी मुंग्यांना विजेच्या पेट्यांची विलक्षण ओढ आहे. तारांच्या जोडांत त्या घुसतात, मरतात आणि त्यांच्या ढिगाने वीज अडते. अपराध मुंग्यांचा खरा, पण दिवा आठ दिवस जळत होता तो आमच्यासाठी.

क्लोरीनच्या वड्या आम्ही पोहण्याच्या तलावासाठी विकतात त्या स्वस्त म्हणून आणून ठेवल्या होत्या. त्याने डबा पाहताच आमचा हात धरला. त्या रसायनाची जात निराळी. दोन्ही प्रकारच्या वड्या ओलसर स्थितीत एकत्र आल्या तर स्फोटक वायू निर्माण होऊ शकतो. मोरीत तेल नको, ओले रुमाल नकोत, उरलेली औषधे नकोत, साऱ्या आठवड्याचे कपडे एकाच दिवशी धुणे नको. दर चार महिन्यांनी तपासणी आणि काही वर्षांनी गाळाचा उपसा. नव्या बाळाच्या आईला सुईण सांगते तशा सुरात तो हे सांगत होता.

तो गुडघ्यांवर बसून टाकीत वाकला होता, तेव्हा आम्हाला आजोळचे घर आठवले. तेथे मागच्या बोळात टोपलीचा संडास होता. पहाटे एक माणूस येई, टोपली ओढून घेई आणि निघून जाई. आम्ही मुले नाक दाबून दार लावून घेत असू. सणाला त्याला काही दिले जाई, तेही लांबून. त्याचे नाव आम्हाला ठाऊक नव्हते. घरात कोणालाच ठाऊक नसावे. १९३२ साली अप्पासाहेब पटवर्धनांनी रत्नागिरीच्या तुरुंगात मैला साफ करण्याचे काम आपल्यालाही मिळावे म्हणून उपोषण आरंभले, हे आम्ही मोठेपणी वाचले. माणसाकडून असे काम करून घेण्यास बंदी करणारे कायदे भारतात १९९३ साली झाले आणि पुन्हा २०१३ साली. परंतु कायद्याच्या आधीही आम्हाला त्याचे नाव विचारता आले असते.

आईंचा प्रश्न निराळाच होता. वसईच्या वाडीत न्हाणीचे पाणी केळीला आणि अळवाला जायचे, थेंब वाया जात नसे. मग एवढे पाणी रोज गवतावर का उधळायचे? त्यांनी अळवाचे कंद आणून ठेवलेही होते. नियमाप्रमाणे हे पाणी खाण्याच्या कशावरही पडता कामा नये, कारण यात न्हाणी आणि संडास वेगळे नसतात, हे त्यांना पटायला महिना लागला. अळू शेवटी पुढच्या दारी, नळाच्या पाण्यावर लागले. तुषारांच्या कडेला त्यांनी मोगरा लावला आहे.

२०२४ च्या जुलैत बेरिल वादळ आले आणि सहा दिवस वीज गेली. पंप थांबला, ह्या वेळी शांतता होताच आम्ही तिघेही एकमेकांकडे पाहिले. आईंनी ताबा घेतला. आंघोळ एका बादलीत, भांडी आधी कागदाने पुसून मग अर्ध्या घमेल्यात, कपडे तसेच. विहिरीच्या काळातील त्यांची सारी काटकसर कामी आली. वीज आल्यावर पेटी गुणगुणू लागली तेव्हा शेजारच्या बाईंनी कुंपणावरून हात हलवला.

देखभालीचा माणूस नेमाने येतो. पहिल्याच खेपेला आईंनी त्याचे नाव विचारून घेतले आणि स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर त्याच्या पुढच्या तारखेपाशी मराठीत लिहिले. तो आला की हात धुऊन मागच्या ओसरीवर बसतो आणि चहा घेतो. गेल्या खेपेला त्याने साखर थोडी कमी घालावयास सांगितले.