समक्ष सही

माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या ट्रंकेत एक स्टॅम्प पेपर होता. त्यावर नोटरीची लाल तिकिटं, खाली गोल शिक्का. सांगलीला कुपवाडच्या बाजूचा दीड गुंठा त्यांनी त्या कागदावर घेतला होता. एसटीतल्या नोकरीची सगळी पुंजी त्यात गेली. सातबाऱ्याला नाव लावायला गेलो, तर तलाठ्यांनी एवढंच विचारलं, "खरेदीखत कुठंय?" साताऱ्याला परत येईपर्यंत अण्णा एक शब्द बोलले नाहीत. मी तेव्हा बारावीत होते.

लग्नानंतर सांगलीत वकिली सुरू केली. नोटरीसाठी दहा वर्षांची वकिली लागते, स्त्रियांना सात पुरतात. सात भरली तसा अर्ज केला. त्यावर दंडाधिकारी, बँकेचे मॅनेजर, एक व्यापारी आणि गावातले दोन प्रतिष्ठित अशांच्या सह्या हव्या होत्या. व्यापारी म्हणून मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत्यांकडे गेले. सौदे चालू होते. त्यांनी हात धोतराला पुसून सही केली, तरी कोपऱ्यावर पिवळं बोट उमटलंच. अर्ज तसाच पाठवला.

मुलाखत झाली, पुष्कळ दिवस गेले, आणि पाच वर्षांचं प्रमाणपत्र हातात आलं. नियमाप्रमाणे पाच सेंटिमीटर व्यासाचा शिक्का करून घेतला. पहिला ठसा कोऱ्या कागदावर उमटवून अण्णांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून माझं नाव वाचलं आणि विचारलं, "जागेच्या कागदावर मारणार का हा?"

"खरेदीच्या नाही, अण्णा."

अमुक माणसानं ओळख पटवून माझ्यासमोर सही केली, एवढंच मी सांगू शकते. मालकी माझ्या शिक्क्यानं बदलत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यानं शंभर रुपये आणि त्यावरच्या स्थावराची विक्री दुय्यम निबंधकाकडे नोंदवावीच लागते. तुकडेबंदी कायद्यामुळे गुंठ्याची नोंदणी वर्षानुवर्षं अडत आली, म्हणून लोक नोटरीची वाट धरत आले आणि फसत आले.

परवा जतकडचं एक जोडपं आलं. एक गुंठा, कागद टाइप करून तयार. सोबतचा एजंट म्हणाला, "मालक गाडीत बसलेत मॅडम, सही झालीय. नुसता शिक्का मारा."

मी कागद परत दिला. बाईंना विचारलं, "विसार किती दिलाय?"

"पन्नास हजार."

"बाकीचे देऊ नका. आधी सातबारा काढा, रजिस्ट्री होते का ते दुय्यम निबंधकांकडे विचारून या."

एजंट तावातावानं निघून गेला. माझ्या टेबलाच्या काचेखाली अण्णांचा तो कागद आहे. बाई वाकून बराच वेळ तो बघत राहिल्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, "पैशाची पिशवी माझ्याकडं द्या."